पंख्याला अभ्रा

आणि वर म्हणे, मोकळे व्हा! अहो, लोकरीच्या धाग्यानं सगळ्यांची मनगटं एकमेकांना बांधलेली, पलीकडे टेबलावर चहा गार होतोय, पॅकिंगचा मॅनेजर म्हणजे मी, गोदामवाल्याला बांधलेला, गोदामवाला हिशेबवाल्याला, हिशेबवाल्याच्या नाकाला खाज सुटलेली, तो हात वर करतोय की आम्ही सगळे त्याच्या नाकाकडे ओढले जातोय... आणि त्या प्रशिक्षक बाई मधोमध उभ्या राहून टाळ्या वाजवतायत, 'मोकळे व्हा सर, मोकळे व्हा! कंपनी आणि समाज हे असेच बांधलेले असतात!' असतील हो. नाही कोण म्हणतंय? पण मग चहा प्यायचा कसा?

तुम्हाला सांगतो, गाद्या-उशांचा कारखाना आमचा. तिथंच केस पांढरे झाले माझे. कधी कुणी विचारलं नाही की बाबा, तुला समाजाबद्दल काय वाटतं. आणि एक दिवस आमच्या उशा घेणाऱ्या मोठ्या दुकानवाल्यांनी अट घातली, की तुमच्या सगळ्या मॅनेजरांना सामाजिक उत्तरदायित्वाचं प्रशिक्षण द्या, नाहीतर माल घेणार नाही. उत्तरदायित्व! आमचे मोठे साहेब तो शब्द उच्चारताना मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबले. मग काय, कँटीनच्या वरची खोली झाडली, खुर्च्या गोल मांडल्या, आणि आम्ही पोटं सुटलेली माणसं बालवाडीसारखी गोलात बसलो.

बाईंचा पहिला प्रश्न. 'सांगा बरं, समाज म्हणजे कोण?'

झालं! सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. हिशेबवाला म्हणाला, 'गरीब लोक.' गोदामवाला म्हणाला, 'शाळेतली मुलं.' आमच्यात एक होयबा आहे. साहेब शिंकले तरी 'अगदी बरोबर' म्हणणारा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'झाडं.' बाई म्हणाल्या, 'झाडं म्हणजे समाज?' तर म्हणतो कसा, 'तुम्ही म्हणत असाल तर नाही.' मग बाईंनी फळ्यावर एक भिंत काढली, भिंतीच्या अलीकडे धुराडं काढलं, पलीकडे एक छोटंसं घर काढलं आणि म्हणाल्या, 'समाज म्हणजे तुमच्या भिंतीपलीकडचा माणूस! त्याला विचारलंय कधी, बाबा रे, तुला आमचा काही त्रास होतो का?'

आणि तुम्हाला खरं सांगतो, मी खुर्चीतून अर्धा उठलोच. कारण भिंतीपलीकडचं ते घर ना, माझ्या ताईचं आहे.

माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी एवढासा, नाक पुसायची अक्कल नव्हती मला, ताईनं पुसलं. एकटी राहते, कोट शिवते. काळे कोट, वकिलांचे, वाजंत्र्यांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे. हात असा की कोट घालणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते. आता आमच्या कारखान्यात काय होतं, की उरलेला फोम दळतात आणि उशीत भरतात. दळताना भुगा उडतो. पिठासारखा बारीक. तो आत साचू नये म्हणून मागच्या भिंतीत एक पंखा बसवलाय, हा एवढा, माणूस उभा राहील एवढा. तो भुगा ओढतो आणि बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे कुठं? गल्लीत! आणि गल्लीतलं पहिलं घर कुणाचं? ताईचं! ती काळा कोट शिवायला घेते, संध्याकाळपर्यंत तो करडा होतो. खिडक्या बंद. फटीत चिंध्या कोंबलेल्या. धुतलेले कपडे घरात दोरीवर. आणि खोकला... तो खोकला मी इथं करून नाही दाखवणार तुम्हाला. सगळ्यांच्या नकला करतो मी, ती नाही करत. डॉक्टर म्हणाले, 'हे छातीत बसतंय, ही हवा बंद करा, नाहीतर...' नाहीतरच्या पुढं डॉक्टर काही बोललेच नाहीत.

मी म्हटलं, चल माझ्याकडे राहायला. तर म्हणाली, 'भावाच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, पण कायमची आले तर तुझ्या बायकोचा स्वभाव बिघडेल आणि माझाही.' आणि गिऱ्हाईक सगळं तिथलं. घर सोडून जायचं कुठं?

उपाय काय मोठा होता हो? पंख्याच्या तोंडाला एक जाड कापडाची पिशवी. भुगा पिशवीत, हवा बाहेर, संपलं. दर महिन्याला पिशवी झटकायची. मी यंत्रवाल्या इंजिनियरला म्हटलं, तो म्हणाला, 'बांधतो की, वरून सांगायला लावा.' मी वर गेलो. मोठे साहेब म्हणाले, 'कोणाची तक्रार आहे का?' नव्हती. एकही नव्हती. 'मग?' आता मला सांगा, दिवसभर उशांना अभ्रे चढवणारी आमची कंपनी, कुठल्या कुठल्या शहरात लोकांच्या डोक्याखाली आमचा अभ्रा, आणि स्वतःच्या पंख्याला एक अभ्रा घालता येईना!

पण बाई म्हणाल्या ना, समाज म्हणजे कोण? म्हटलं, चला, आता तरी निघेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी बाईंनी आमच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, गल्लीत जा, घराघरात जा, ऐका. नुसतं ऐका, मध्ये बोलू नका. 'सक्रिय श्रवण' म्हणतात त्याला. म्हणजे समोरचा बोलत असताना मान हलवायची आणि घड्याळाकडे बघायचं नाही. माझी जोडी कुणाशी? होयबाशी! आणि घर कुठलं आलं? पहिलं!

मी दार वाजवलं. ताईनं उघडलं, तोंडाला फडकं, हातात ब्रश, कोट झटकत होती. 'अरे धाकट्या! आज दुपारचा कसा? ये ये, आत ये, दार लाव लवकर!' होयबाचे डोळे असे झाले. 'ताई? तुमच्या ताई?' म्हटलं, हो. 'अगदी बरोबर,' म्हणाला. यात काय बरोबर होतं देव जाणे.

बसलो. होयबानं घसा साफ केला. 'ताई, आम्ही ऐकायला आलोय. तुम्हाला आमच्या कंपनीचा काही त्रास?' आणि काय सांगू तुम्हाला... तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा होयबाकडे बघितलं, तोंडावरचं फडकं काढून पाठीमागे लपवलं आणि म्हणाली, 'त्रास? छे हो! कसला त्रास? उलट सोबत होते. पंखा चालू असला की घरात माणूस असल्यासारखं वाटतं.' आणि खोकली. खोकत खोकतच म्हणाली, 'हा माझा लहानपणापासूनचा आहे.' लहानपणापासूनचा! मी लहानपणापासून बघतोय तिला, ती पोहायची, झाडावर चढायची, मला पाठीवर घेऊन पळायची! शेजारचा सायकलवाला आवाज ऐकून दारात आला, म्हणाला, 'अहो साहेब, त्या पंख्याचं...' ताईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो तसाच वळला आणि कुणाच्या तरी चाकात हवा भरायला लागला. मी गप्प. ऐकायचं होतं ना नुसतं!

मग काय, गल्लीभर तेच. घर बदललं की माणूस बदलायचा, उत्तर तेच. त्रास नाही, त्रास नाही. संध्याकाळी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. 'शून्य तक्रारी! मी इतक्या ठिकाणी शिकवलं, पण असा शेजार कुठं पाहिला नाही!' टाळ्या! मोठ्या साहेबांनी त्याच खोलीत जाहीर केलं, की समाजासाठी जे पैसे ठेवलेत त्यातून गावाबाहेरच्या चौकात बाकडी बसवायची. कंपनीचं नाव कोरलेली. इंजिनियरनं हळूच विचारलं, 'आणि पंख्याची पिशवी?' साहेब म्हणाले, 'तक्रार कुठंय?' त्या चौकात माणूस बसत नाही हो! तिथं गाड्या वळतात नुसत्या! आता मला सांगा, समाज म्हणजे कोण? बाकडं?

मी तसाच ताईकडे गेलो. चिडलो होतो. म्हटलं, 'तुला कळतंय का तू काय केलंस? खोटं का बोललीस? एक शब्द बोलली असतीस तर आज पिशवी बसली असती!' ती कोटाला काज करत होती. मान वर न करता म्हणाली, 'तुझ्या अन्नात माती कालवू मी? उद्या साहेब म्हणतील, याचीच बहीण कंपनीविरुद्ध बोंबलते.' म्हटलं, 'आणि बाकीचे? तो सायकलवाला? पलीकडची म्हातारी? ते का बोलले नाहीत?' तर म्हणते, 'मी सांगितलंय सगळ्यांना. माझा भाऊ आहे तिथं, कुणी तोंड उघडायचं नाही.'

ऐकलंत? अख्ख्या गल्लीचं तोंड बांधून ठेवलं होतं तिनं. माझ्यासाठी. स्वतः भुगा गिळत बसली आणि दुसऱ्यांनाही गिळायला लावला, आणि मी रोज त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला उशा मोजत बसलेलो. मला रडू आलं. खरंच आलं. ती म्हणाली, 'रडतोस काय, नाक पूस.'

आणि पुढच्या आठवड्यात तिला शिवता शिवता असा काही दम लागला, की सुई हातात, बोटं निळी, सायकलवाल्यानं उचलून दवाखान्यात नेली. तिथं मी तिला म्हटलं, 'ताई, तू गेलीस तर ती नोकरी घेऊन मी काय करू? डोक्यावर मारून घेऊ? तक्रार कर. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.' तेव्हा कुठं तयार झाली. तरी मजकूर सांगायला बसली तर सुरुवात काय? 'आपली कंपनी फार चांगली आहे. माणसं देवासारखी आहेत. उशाही मऊ असतात.' म्हटलं, ताई, ही तक्रार आहे! तर म्हणाली, 'मग शेवटी घाल, पंखा तेवढा बघा, जमलं तर.'

गेली तक्रार. आता तक्रार गेली कुणाकडं? प्रशिक्षण घेतलेल्या मॅनेजरांची एक निवारण समिती झाली होती. एचआरच्या मॅडम अध्यक्ष. होयबा सदस्य. आणि दुसरा सदस्य? मीच! मी म्हटलं, वा, आता कोण अडवतो! मॅडमनी तक्रार वाचली, मान हलवली, अगदी सक्रिय श्रवण. आणि होयबा, जन्मात कधी 'पण' न म्हटलेला होयबा, म्हणाला, 'पण मॅडम, या तर ह्यांच्या ताई.' अरे! आत्ताच सुचायचं होतं याला? मॅडमनी नियमांची पानं उलटली. 'कर्मचाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाची तक्रार घेता येणार नाही. हितसंबंध येतात.'

म्हटलं, ठीक आहे, मग गल्लीतला दुसरा कुणी करेल. ताईनं सगळ्यांना मोकळं केलं, बोला आता म्हणाली. सायकलवाला आला. त्याची बायको आमच्या शिलाई खात्यात. हितसंबंध! पलीकडची म्हातारी आली. तिचा नातू फोम कापतो. हितसंबंध! समोरचा पेंटर, त्याचा बाप आमचा गेटवरचा पहारेकरी. हितसंबंध! अहो, कारखान्याच्या भिंतीला लागून कोण राहणार? कारखान्यात काम करणारेच ना? म्हणजे ज्याच्या घरात भुगा जातो त्याला बोलायची सोय नाही, आणि ज्याला बोलायची सोय आहे तो राहतो तिकडं, जिथं आमचा भुगा पोचतच नाही! मी उभा राहिलो, म्हटलं, 'मॅडम, मग एकच सांगा, समाज म्हणजे कोण?' मॅडम वाईट नाहीत हो. खाली बघत म्हणाल्या, 'नियम मी केलेला नाही.'

आणि मग त्यांनीच वाट काढली. नियमात 'जवळचा नातेवाईक' याचा अर्थ दिला होता, एका घरात राहणारा, किंवा ज्याच्याशी घरगुती येणंजाणं आहे असा. मॅडम म्हणाल्या, 'बाकीच्यांचे नातेवाईक एकाच घरात राहतात, त्यांचं काही होणार नाही. तुम्ही वेगळे राहता. तुमचं येणंजाणं नाही असं तुमच्या ताईंनी समितीपुढं सांगितलं, तर तक्रार चालेल.' मी हसलो. घरी जाऊन ताईला सांगितलं, हसत हसतच. म्हटलं, बघ कसा शहाणपणा आहे एकेकाचा. ती हसली नाही. हातातला कोट घडी करून ठेवला आणि म्हणाली, 'कधी यायचं?'

आली. शिवलेला चांगला कोट घालून आली. त्याच कँटीनच्या वरच्या खोलीत. मला सांगितलं होतं, तुम्ही बसा पण बोलू नका. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं, 'हे आपले कोण?' ताई म्हणाली, 'भाऊ. पण येणंजाणं नाही.' 'का बरं?' 'पटत नाही.' त्या दुपारी 'अरे धाकट्या' स्वतःच्या कानांनी ऐकलेला होयबा, त्यानंच खोदून विचारलं, 'कशावरून बिनसलं?' आता आली का पंचाईत! 'त्रास नाही' यापलीकडं खोटं रचायची तिला सवय नाही. टेबलाकडे बघत बघतच सुरू झाली. 'लग्न झाल्यापासून बदलला. फोन केला तर मीटिंगमध्ये असायचा. आला तर बूट काढायचा नाही, दारातूनच जायचा. मला काय हवं नको विचारायचा नाही, डॉक्टर काय म्हणाले तेवढं विचारायचा.' आणि बोलता बोलता आवाज फाटला तिचा. तुम्हाला सांगतो, मला शेवटपर्यंत कळलं नाही, की त्यातलं रचलेलं कुठलं आणि खरं कुठलं. होयबा डोळे पुसत म्हणाला, 'अगदी बरोबर.' मला बोलायची परवानगी नव्हती.

तक्रार मान्य!

आठ दिवसांत पिशवी बसली. आमच्याच अभ्र्याच्या कापडाची, तिहेरी शिवलेली. मोठे साहेब, प्रशिक्षक बाई, सगळ्यांनी पंख्यापाशी उभं राहून फोटो काढले, बाई म्हणाल्या, 'हेच ते, समाज बोलला आणि कंपनीनं ऐकलं!' आणि ऐकलं हो, खोटं कशाला बोलू? गल्लीत भुगा नाही. ताईच्या खिडक्यांतल्या चिंध्या निघाल्या. कोट काळे राहतात. खोकला पूर्ण नाही गेला, पण डॉक्टर आता 'नाहीतर' म्हणत नाहीत. पलीकडची म्हातारी दारात बसून भाजी निवडते. एवढं झालं. झालं म्हणजे झालं.

फक्त एक अट. वर्षभर देखरेख. तक्रारदार आणि कर्मचारी यांचं येणंजाणं आढळलं, तर तक्रार रद्द, पिशवी उतरवायची, आणि खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावर कारवाई. देखरेखीला कोण? होयबा! आणि त्याला त्या गल्लीची अशी गोडी लागलीय, की सुट्टीच्या दिवशीसुद्धा सायकलवाल्याकडे येऊन बसतो. सायकल नाहीये त्याच्याकडे! बसतो आणि ऐकतो. सक्रिय.

तरी परवा राहवलं नाही मला. म्हटलं, लांबून बघून येऊ. गेलो. खिडकी सताड उघडी, ताई खिडकीत बसून शिवतेय, उन्हात, चेहऱ्यावर रंग आलाय. मी दारापाशी पोचलो. तिनं बघितलं. उठली. दोन पावलं पुढं आली, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. मी वळून बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. तिनं एक हात दारावर ठेवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, 'आपण कोण?'

आपण! जन्मात मला तिनं 'आपण' म्हटलं नव्हतं हो.

मी म्हटलं, 'काही नाही बाई... कंपनीतून आलोय.'

म्हणाली, 'मग दारातच बोला.'

बोललो. दारातच. काय करता!